शर्वरीच्या शर्टाचे तुकडे

सोमवार, ३ फेब्रुवारी
मी बोलते, सून लिहिते. अक्षर वळणदार काढत बसू नको गो, मला कुठे वाचता येतंय.
आज कार्डांच्या कंपनीचा माणूस मुंबईहून आमच्या पाळी गावात, घरी आला. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींची कार्डं छापणार. पाकिटं बंद, आत कोण निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. जत्रेतल्या सोडतीसारखं. नात शर्वरी गोलकीपर. (पुढे नुसतं श. लिही, शाई वाचेल.) तो म्हणाला, "आजी, गोल अडवणारीचं कार्ड कोण मागतं? मारणारी खपते. नाहीतर मोबाइलवर जिच्या मागे लाखभर लोक आहेत ती." श.च्या मागे मी आणि दोन कुत्रे.
पण फायनलला तिने तीन पेनल्टी अडवल्या, म्हणून एक जागा. त्या दिवशीचा शर्ट द्यायचा. चौकोन कापून कार्डांत बसवणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
शर्ट धुतला. बाल्दीत भिजवला, दगडावर आपटला. खाणीकडची लाल माती, तीन पाणी लागली. घामाचं कापड परक्याच्या हाती? त्यावर कोण काय करणी करील! आमच्यात जुनेर भिकाऱ्याला देतात तेही धुऊन.

शनिवार, ८ फेब्रुवारी
माणसाने घडी उघडली, कपाळावर हात मारला. "आजी, मातीलाच तर किंमत होती!"
श. माझ्याकडे बघेना.
मग त्यानेच वाट काढली. तसलाच नवा शर्ट. परसात लोळवायचा, आणि श.ने कागदावर सही करायची की फायनलला हाच अंगात होता. नाहीतर तिची जागा पेडण्याच्या एका चेडवाला, पोरीला, ती गोल मारते. मंगळवारपर्यंत मुदत.
श. म्हणाली, "आज्ये, ह्या खोटा आसा गे."
"तुझ्या तीन पेनल्टी खोट्या काय? कर सही."
"तू सांगतंस ह्या?"
लहानपणी तिने शेजारचा पेरू चोरला तेव्हा मीच तिला दिवसभर उंबऱ्यात उभी केली होती. दोघींनाही आठवलं असणार.

सोमवार, १० फेब्रुवारी
घरात फक्त भांडी बोलतात.
नव्या शर्टाला माती मीच चोळली. कोपरांना जास्त, श. तशीच पडते. धुवायला लागला त्याहून जास्त वेळ...

मंगळवार, ११ फेब्रुवारी
गाडी आली. श. शर्ट आणि कागद घेऊन बाहेर गेली. मी जनेलातून बघत होते. कागदावर खाली काहीतरी काळं. तिचं नाव असेल, नाहीतर आणखी काही. माणसाने वाचलं, घडी केली, खिशात घातलं. हसला नाही, चिडला नाही. श. परत येऊन सरळ आत.
सुनेला विचारलं, श. लिहीत होती तेव्हा तू जवळ होतीस, तू वाचलास ना तो कागद? काय लिहिलेलं?
तिचं पेन थांबलं.
म्हटलं, थांबलीस तेही लिही.