गाँगचा एकच ठोका

नेपरव्हिल,
२२ फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप त्र्यंबककाकांना चारुदत्तचा बर्फातून नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण इथे आडवा झालेला माणूस एकदम एप्रिलात सापडतो.) तुमचे गुडघे काय म्हणतात? काकूंचा खोकला थांबला का? बाबांना जाऊन चार महिने होतील. तार हातात पडली तोवर तिकडे सगळं उरकलं होतं, व्हिसाच्या भानगडीत तेरावाही हुकला, मग मी आपला कॉलेजला जात राहिलो. दुसरं काय करणार?

तर आता माझी फजिती ऐका. माझा रूममेट लिन चीनचा, इथे संगीत शिकतो. त्याने कॉलेजच्या बँडसाठी एक रचना लिहिली. त्याच्या गावात प्रेत उचलताना सनईसारखं वाद्य वाजतं, त्याचा आक्रोश ओबोंवर (ओबो म्हणजे इथली सनईच), आणि भोवती साठ माणसांची क्लॅरिनेटं, ट्रम्पेटं. शेवटी सगळे गप्प होतात. अठ्ठेचाळीस मात्रा नुसती शांतता, आणि मग गाँगचा एकच ठोका. (गाँग म्हणजे आपल्या शाळेत तास द्यायची काशाची थाळी, पण बैलगाडीच्या चाकाएवढी.) तिकडे हा ठोका मुलाने द्यायचा असतो. लिनचे वडील गेले तेव्हा त्यालाही जाता आलं नव्हतं. मग तूच का वाजवत नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, हात उचलणार नाही. नेमका बँडचा गाँगवाला बर्फावर घसरून पाय मोडून बसला, आणि सहा वर्षं तबला शिकल्याची फुशारकी मी कधीतरी मारून ठेवलेली. (सहा महिने. तेही गुरुजींनी हाकलेपर्यंत, तुम्हाला ठाऊकच आहे.) झालं, मला काळा कोट चढवून उभं केलं.

अठ्ठेचाळीस म्हणजे त्रितालाची तीन आवर्तनं, त्यात काय अवघड? काल कार्यक्रमात मी बोटांवर मोजलं, एक मात्रा चुकलो नाही. पण सम आली आणि काका, मी दाद दिली. बाबांच्या मांडीला मांडी लावून इतक्या बैठकी ऐकल्या, त्यांत समेवर जे केलं तेच झालं. मान झुकली, हात मांडीवर पडला, तोंडून 'वाः' निघालं. ठोका द्यायचा दांडा जमिनीवर आणि गाँग गप्प. कंडक्टरांनी वर धरलेला हात शेवटी सावकाश खाली घेतला. लोकांना वाटलं रचनाच अशी आहे. ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आपल्या मराठी मंडळाच्या मालिनीकाकू तर म्हणाल्या, फारच इफेक्टिव्ह केलंस हं.

लिन टाळ्या वाजवत नव्हता. नंतर पार्किंगमध्ये तो एवढंच म्हणाला, "तो ठोका माझ्या वडिलांचा होता, चारू." तिथेच मी मोठ्याने रडलो, चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि वर समजूत त्यालाच काढावी लागली. लिहिताना लाज वाटते.

काकूंना नमस्कार, छोट्यांना गोड पापा.

तुमचा,
चारू

ता. क. : आईला मी कळवलंय की ठोका झकास लागला. तुम्ही खरं सांगू नका.

आणखी एक ता. क. : पत्र खरं तर यासाठीच. बाबांचं तुम्ही सगळं लिहिलंत, कोण कोण आलं, लाकडं ओली निघाली, तेसुद्धा. अग्नी किती वाजता दिलात, तेवढं राहिलं. ते कळवा. इथल्या घड्याळाशी जुळवून मला बघायचंय, त्या वेळी मी काय करत होतो.