अक्का, टँगोतली तुझी लबाडी

प्रिय अक्का,

तुला पत्र लिहिताना आरंभी शिरसाष्टांग नमस्कार लिहिण्याचा प्रघात मी आजवर मोडला नव्हता. आज मोडतो आहे. तुझा तेरावा होईपर्यंत मी शोक केला. रीतीप्रमाणे केला आणि मनापासून केला. काल मात्र आपल्या टँगोच्या नृत्यवर्गात जाऊन आलो, आणि तेव्हापासून तुझ्याविषयी मला जे वाटते आहे, त्याला शोक म्हणता येणार नाही.

तुझी जागा रिकामी झाली म्हणून आपल्या शिक्षिकेने, मृण्मयीने, वर्गातल्या देशपांडेबाईंना माझी जोडीदार केले. नेहमीप्रमाणे घडी घातलेली चादर आमच्या छातींच्या मध्ये ठेवली. आठवते ना? या नाचात जोडीदाराला धरण्याला 'मिठी' म्हणतात, हे ऐकून शुक्रवार पेठेतील मंडळी पहिल्याच दिवशी जिना उतरू लागली, तेव्हा त्या पोरीने ही युक्ती काढली होती. हातांनी धरायची नाही, पडू द्यायची नाही, आणि तशीच पावले टाकायची. आपली चादर कधी पडली नाही. "सर आणि अक्कांकडे बघा," असे ती तरुण जोडप्यांना सांगत असे.

संगीत सुरू झाले. मी पाऊल टाकले आणि देशपांडेबाई जागच्या जागी! माझा बूट त्यांच्या अंगठ्यावर, चादर फरशीवर.

"अहो बाई, मागे जायचे असते!"

"मी थांबलेय, सर. तुम्ही नेलंत की जाईन."

"मी नेले."

"नाही हो. तुम्ही नुसते अंगावर आलात."

सगळा वर्ग हसला, अक्का! मग मृण्मयी स्वतः माझ्यासमोर उभी राहिली. तीही हलली नाही. "सर, तुम्हाला कुठे जायचंय ते मला कळतच नाहीये," असे ती म्हणाली. "मग अक्काला कसे कळत होते?" असे मी विचारताच ती पोर खाली पाहू लागली. इतरही पाहू लागले. म्हणजे हे सर्वांना ठाऊक होते!

"अक्का तुमच्या इशाऱ्याची वाटच बघायच्या नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही दर वेळी त्याच क्रमानं चालता ना, तो त्यांनी पाठ केला होता. तुमच्या आधी निघायच्या. मी टोकलं एकदा. तर म्हणाल्या, 'त्याला सांगू नको बाई. कळलं तर तो यायचा न्हाय. आन तो न्हाय आला तर ह्या वयात मला हितं कोण आणणार?'"

तुझी ती सासरची, मैंदर्गीची बोली तिने हुबेहूब उचलली होती. तू गेल्यावर तरी ती मला ऐकावी लागणार नाही, असे मला वाटले होते.

या नृत्याचा पाया तुला माहीत नव्हता काय? नेणाऱ्याने शरीराचा भार बदलून सुचवायचे आणि सोबतिणीने ते कळेपर्यंत थांबायचे. ते कळण्याआधी निघाली, तर तिने साथ केली नाही, चोरी केली. ज्याला तू मदत समजलीस, त्यामुळे मी काहीही शिकलो नाही. एक नवशिका म्हातारा तू भर वर्गात उस्ताद म्हणून मिरवलास, आणि खेळ अर्धवट टाकून निघून गेलीस. याला माया म्हणतात?

गाण्यातल्या त्या अकॉर्डियनसारख्या ताणायच्या पेटीचा सूर लांबला की तू थांबत असस, आणि मी थांबलो असे लोकांना वाटे. "सरांना विराम कळतो," असे मृण्मयी म्हणे. विराम! जन्मभर मुलांना विरामचिन्हे शिकविलेला मी ती शाबासकी घरापर्यंत मनात घोळवत येत असे. आणि तू रिक्षात शेजारी बसून गुडघा चोळत असस.

पायांनी जमिनीवर इंग्रजी आठाचा आकडा काढायला सांगितला, तेव्हा तू मराठी आठ काढलास आणि त्याच्या शेपटाबरोबर थेट दारापाशी पोचलीस. मी सर्वांसमक्ष तुला अडाणी म्हणालो. तू हसून म्हणालीस, "जगाला शिकवलंस दत्तू, बहीण तेवढी राहिली की!" पुढल्या वेळी तुझा आठ बिनचूक होता. मी शिकविल्यामुळे तो सुधारला, अशी माझी समजूत होती. तीही आता खरी मानू का?

तुझ्या तेराव्याला प्रत्येक जण तुझे गोडवे गात होता. मीही मान डोलावली. आज विचारशील तर सांगतो, तू वाईट नाचत होतीस. फार वाईट. ज्या माणसाच्या हातात हात होता, त्याचे तू ऐकतच नव्हतीस.

आणि आता एक संशय मला स्वस्थ बसू देत नाही. मला गिरणीच्या कचेरीत चिकटवायचे अण्णांनी बापाच्या हक्काने ठरविले होते, आणि मी त्यांच्यासमोर उभा राहून शिक्षकी पेशाची बाजू मांडली होती. माझ्या युक्तिवादाने ते विरघळले, असे मी आजवर शंभर निरोप समारंभांत सांगितले आहे. अक्का, आदल्या दिवशी तू मैंदर्गीहून अचानक कशाला आली होतीस?

उत्तर देऊ नकोस. देऊ शकत नाहीस, तेच बरे.

मृण्मयीने मला रविवारपासून अगदी नव्या तुकडीत बसायला सांगितले आहे. पुन्हा उभे राहणे, पुन्हा भार बदलणे, पुन्हा चालणे. मी "विचार करतो" म्हणून निघालो, तर देशपांडेबाई जिन्याच्या तोंडाशी आडव्या आल्या. "सर, पाऊल टाकू नका. नुसता भार बदला. एकदाच." चादर नव्हती, संगीत नव्हते. मी उभा राहिलो. भार उजव्या पायावर गेला की नाही, हे मलाच कळेना. त्या अचल! मग कधीतरी त्यांचा पाय किंचित सरकला. उशिरा, वाकडा, आणि मला अपेक्षित होता त्याच्या नेमक्या उलट बाजूला. पण तो मी हलविला होता.

तेव्हा तुला वचन देतो. रविवारी मी नव्या तुकडीत जाईन, पोरांच्या रांगेत उभा राहीन आणि हसे करून घेईन. माझा क्रम जिला ठाऊक नाही, अशा बाईला एक पाऊल मागे नेईन. ते जमले तर तुला कळविणार नाही, आणि फसले तरी कळविणार नाही. मी पुढे काय करणार, हे या वेळी तुला आधी ठाऊक नसेल, अक्का. मला तेवढेच हवे आहे.

तुझा धाकटा भाऊ,
दत्तात्रय