बांगड्या भरणारीची कादंबरी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या त्या कादंबरीबद्दल बोलायला आता माझ्याजवळ कुणीच नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

समुद्रपूरच्या मुलींच्या शाळेत शनिवारी शिवणाचा तास असे. आम्ही खाली मान घालून टाके घालायचो आणि तुम्ही तुमच्या न छापलेल्या कादंबरीतलं एकेक प्रकरण तोंडी सांगायचात. तिच्यातली कासारीण गावोगाव बांगड्या भरत फिरे. एखादीच्या मनगटावर वळ दिसला की काही विचारत नसे. पुढच्या फेरीला त्या घरचा नवरा मरे. एका पाटलाला तिने बासुंदीतून विष दिलं, तर साखर कमी पडली म्हणून बायकोवर ओरडत ओरडतच तो गेला. हसता हसता आम्ही बोटांत सुया टोचून घ्यायचो.

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही आमच्या घरी आलात. वाण देताना आईच्या हातावरचा पदर सरकला. खालचे वळ तुम्ही पाहिलेत आणि वाण घेऊन निघालात. त्या शनिवारी कासारीण एका कापसाच्या अडत्याच्या दारात येऊन उभी राहिली. वरण गार वाढलं म्हणून हा अडत्या बायकोला चुलीतल्या लाकडाने मारत असे. माझे वडीलही कापसाचे अडते; साऱ्या मुली माझ्याकडे वळून बघू लागल्या. "पुढच्या शनिवारी मरेल," म्हणून तुम्ही तास संपवलात.

गोष्ट घरोघर गेली, तशी कापसाच्या बाजारातही गेली. त्या संध्याकाळी वडील ताटावर बसले, पण घास उचलेनात.

"तू खाय आधी," ते आईला म्हणाले.

"मी? तुमच्या आधी?"

"खाय म्हणून राह्यलो ना!"

आईने जन्मात पहिल्यांदा ऊन पोळी खाल्ली, तीही नवऱ्याच्या ताटातली. त्यानंतर त्यांनी तिच्यावर हात उगारला नाही. एका दुपारी खरीच कासारीण ओसरीवर आली, तर वडील चपला हातात घेऊन मागच्या दाराने पसार झाले. आई तोंडात पदर कोंबून हसली. तिला तसं हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

वडिलांनी वर तक्रार केली, शनिवारची गोष्ट तिथेच बंद पडली आणि तुमची बदली कारंज्याला झाली. मोटार सुटायला वेळ आहे. तुम्ही ट्रंकेवर बसला आहात, आई माझा हात धरून उभी आहे.

"बाई, थो अडत्या मेला का मंग?"

"अजून नाही. तुम्ही सांगा, मारू?"

आई माझा हात सोडून पदर सारखा करते. "नाई, राहू द्या. भेऊन राह्यला, तेवढं पुरे."

कारंज्यालाच तापाने तुम्ही गेलात. कादंबरीचं काय झालं ते कळलं नाही. वडील मात्र जन्मभर भ्याले. आई गेल्यावर त्यांच्या ताटातला पहिला घास मी खाऊ लागले. नोकरीवरून यायचं, रांधायचं, त्यांच्यासमोर चव घ्यायची. दोघांत बोलणं एवढंच. शेवटच्या दुखण्यात पेजेची वाटी पुढे केली तेव्हा त्यांनी विचारलं, "थे कासारीण खरंच होती का वं?"

मी म्हटलं, "होती."

हे पत्र कुठे टाकणार, बाई? घडी करून उशीखाली ठेवीन. एक मात्र कबूल करते. ते गेले की सुटल्यासारखं होईल, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. आता या घरात मला भिणारंसुद्धा कुणी उरलं नाही.