पाहुण्याचे तीन शुक्रवार

१४ नोव्हेंबर, गुरुवार

हो म्हणून बसलो. झक मारली.

फराजसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, कॉम्प्रेसरच्या कामाचं असेल. तर म्हणाले, "संदेश, तुम कोंकण का है ना? समंदर का आदमी. हमारे क्लब में आओ." त्यांचा तो क्लब — सित्राच्या मागच्या बाजूला खाजगी जेट्टी आहे, मासेमारीच्या बोटी आहेत, थंडीत ससाणे घेऊन शिकारीला जातात. वर्कशॉपमधल्या एकाही भारतीयाला आजवर बोलावलेलं नाही. आणि मी काय म्हणालो? "शुअर सर. इंशाल्ला."

मी फोंडाघाटचा. घाटाच्या पायथ्याशी घर. समुद्र बघायचा तर एसटीने दोन तास. पोहता येत नाही. विहिरीत वाकून बघितलं तरी पोटात गोळा येतो. पण बहारीनमध्ये हे कोणाला कळणार? इथे कोकण म्हटलं की समुद्र आणि समुद्र म्हटलं की संदेश. चौदा वर्षं मीही ते खपवून घेतलं. "हां हां, फिशिंग तो बचपन से." कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

श्रेयाला सांगितलं. ती पीठ मळत होती, मळतच हसायला लागली. "तुमी? आणि होडयेर?"

हसायचा हक्क तिचाच आहे. तिचं माहेर देवबाग. वडलांची होडी. एका बाजूला खाडी, एका बाजूला दर्या, मध्ये हिचं घर. चालायच्या आधी पोहायला शिकली असं तिची आई सांगते. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चार दिवस वाळूवर बसून होतो, चपलासुद्धा ओल्या केल्या नाहीत. मेव्हणे अजून सांगतात ती गोष्ट.

निधी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, यू कान्ट स्विम? सीरियसली?" बारा वर्षांची आहे. हिलाही पोहता येत नाही म्हणा. कोण शिकवणार होतं?

१७ नोव्हेंबर, रविवार

अकाउंट्सच्या विनीतला क्लबातलं सगळं माहीत असतं. पुण्याचा आहे, सगळ्यातलं सगळं माहीत असतं. त्याने नियम सांगितला. तीन शुक्रवार पाहुणा म्हणून जायचं. मग मजलिशीत, म्हणजे त्यांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, एकदाच विचारतात — मेंबर होणार का? हो तर हो. नाही म्हटलं तर पुन्हा तो विषय कोणी काढत नाही.

"बरंच झालं," मी म्हटलं. "नाही म्हणून टाकतो."

"तुझं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत संपतंय ना?" तो म्हणाला. "साहेबाने घरच्यासारखं बोलावलंय. सगळ्यांसमोर नाही म्हणण्याआधी दहादा विचार कर, एवढंच सांगतो."

एवढंच सांगतो म्हणे. जेवण गेलं नाही. इकडे आड तिकडे विहीर — आणि मला भीती दोन्हींची.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला शुक्रवार. वारा होता म्हणून बोटी सुटल्या नाहीत. मनातल्या मनात रवळनाथाला नारळ बोललो.

मजलिशीत बसवलं. खजूर, कडू कॉफी. कोपऱ्यात दांड्यावर ससाणा, डोळ्यांवर चामड्याची टोपी. फराजसाहेबांनी माझ्या हातात जाड हातमोजा घातला, पक्षी त्यावर बसवला आणि टोपी काढली. त्याने माझ्याकडे बघितलं. वाटलं, याला कळलं. बाकी कोणाला नाही, पण याला कळलं. हात थरथरायला लागला तसा तो पंख फडफडवायला लागला. सगळे हसले, मीही हसलो. शर्ट पाठीला चिकटला होता.

तिथेच गप्प बसायचं ना. पण हात थरथरलेला सगळ्यांनी बघितला होता, म्हणून काहीतरी मोठं बोलावंसं वाटलं. कोणीतरी फोनवर भरतीची वेळ बघत होतं. मी म्हटलं, आमच्याकडे याला फोन लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. साहेबांनी अरबीत सांगितलं. सगळे म्हणाले, माशाल्ला.

एकटी अकीलाबाई काही बोलली नाही. साहेबांची मोठी बहीण. साठीला आलेली, क्लबातली सगळ्यात जुनी बोट तिची, आणि ती स्वतः चालवते. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मासळीवाली बघते तशी बघत होती माझ्याकडे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेब रियाधला गेलेत. आज सुटका. हूऱ्यातल्या दुकानातून लाइफ जॅकेट आणलं. घरात घालून आरशात बघितलं. निधीने फोटो काढला, तो डिलीट करायला लावला. श्रेयाने जॅकेटला हात लावून बघितलं फक्त.

५ डिसेंबर, गुरुवार

उद्या बोट सुटणार. हवा स्वच्छ आहे, मुद्दाम तीनदा बघितली.

फश्तवर जायचं आहे. फश्त म्हणजे समुद्रात मधोमध वाळूचा पट्टा — ओहोटीला उघडा पडतो, भरतीला नाहीसा होतो. मग भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहिलो. उद्या पंचमी. पाच पाऊण पावणेचार. म्हणजे भरती दुपारी पावणेचारला, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी साडेनऊच्या पुढे. आम्ही उजाडताना पोचणार. म्हणजे आम्ही असेपर्यंत पाणी उतरतच जाणार. दोनदा हिशेब केला. बुडत्याला काडीचा आधार, मला कॅलेंडरचा.

६ डिसेंबर, शुक्रवार

जिवंत आहे. आधी हे लिहून ठेवतो.

बोटीत डोळे मिटून बसलो होतो. सगळ्यांना वाटलं दुआ मागतोय. खोटं नाही ते. फश्त आली, वाळूवर पाय टेकले आणि इतकं बरं वाटलं की रडू आलं. वाळू! मग मी काय केलं — बोटीपासून लांब गेलो. पाण्यापासून लांब असं माझ्या डोक्यात. शिंपले गोळा करत गेलो पार टोकापर्यंत. जॅकेट उकडत होतं म्हणून काढून बोटीतच ठेवलेलं. पाणी उतरतंय, मग जॅकेट कशाला?

अकीलाबाईने मागून हाक मारली. मी हात हलवला. तिने पुन्हा हाक मारली, यल्ला, यल्ला — चल, चल. मी घड्याळ दाखवलं. साडेनऊपर्यंत काळजी नाही, असं. मलाच माहीत असल्यासारखं.

मग मागे वळलो. बोट होती तिथेच होती. पण बोटीच्या आणि माझ्यामध्ये येताना कोरडी वाळू होती, तिथे आता पाणी होतं. आवाज नाही, लाट नाही, काही नाही. नुसतं वाढत होतं. मी चालायला लागलो. घोटे, गुडघे. पुढे खोलगट होतं, मांड्या बुडाल्या. पायाखालची वाळू सरकली आणि मी थांबलो. पुढे पाऊल टाकवेना, मागे जागा उरली नव्हती. आणि मी डोक्यात पाढा म्हणत होतो — पाच पाऊण पावणेचार, पाच पाऊण पावणेचार. पाणी कमरेला लागलं होतं आणि मला अजून वाटत होतं की चूक पाण्याची आहे.

"आये" म्हणून ओरडलो. त्रेचाळीस वर्षांचा माणूस.

अकीलाबाई कपड्यांसकट उतरली. छातीएवढ्या पाण्यातून सरळ चालत आली, माझं मनगट धरलं. "इधर मत देखो. मेरेको देखो." तिच्याकडे बघत आलो. एकदा नाकातोंडात पाणी गेलं. बाकी काही आठवत नाही.

साहेब आणि बाकीचे बोटीच्या पलीकडच्या बाजूला गळ टाकून बसले होते. त्यांना वाटलं, आम्ही मजेने भिजलो. ती टॉवेल देताना हळूच म्हणाली, "तुम समंदर का आदमी नहीं है."

"नहीं."

"वो हिसाब तुम्हारे उधर के पानी का है. ये इधर का पानी है."

तिथे कोणाला बोलली नाही ती.

७ डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. श्रेयाने नैवेद्य केला. जेवताना तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल. हसली नाही.

"पाऊणपट आमच्या दर्याची," म्हणाली. "ती हय कशी लागतली? माका विचारूचा होता." माझ्या पानात भात वाढला. मग जरा वेळाने, भांड्यांशी बोलावं तसं — "माका पाण्यात पाय घालून चौदा वर्सां झाली."

मी म्हटलं, कसं शक्य आहे? दर सुट्टीला देवबागला जातो की आपण.

"जाताव. तुमी वाळयेत बसतास. मी तुमच्या बाजूक बसतंय."

"मग सांगायचंस ना. जायचंस."

"मी आत गेलंय की तुमी भियातास. उभे रवतास, फेऱ्ये मारतास. तुमचा तोंड बघवत नाय."

भांडी घासायला गेली. मी बसून राहिलो. मला इतकी वर्षं वाटायचं, तिला माझ्या शेजारी बसायला आवडतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. दोन वर्षं. साहेबांनी सही करून दिलं, क्लबाचा विषयही नाही. जाता जाता एवढंच म्हणाले, "कल फैमिली डे है. मैडम को लाना. तुम हमेशा अकेला खाना खाता है वर्कशॉप में, अच्छा नहीं लगता." म्हणजे एवढ्यासाठी बोलावलं होतं त्यांनी. आणि मी महिनाभर काय काय रचत बसलो होतो.

तर आता नाही म्हणायला मी मोकळा. मग सुटल्यासारखं का वाटत नाही? संध्याकाळी घरी आलो तर श्रेया कपाटातून जुना सलवार-कमीज काढून त्याची नाडी बदलत होती. पाण्यात चालेल असा. मला बघून तिने तो घडी करून ठेवला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

तिसरा शुक्रवार.

अकीलाबाईच्या बोटीत आम्ही तिघं. मी जॅकेट घातलेला, मधोमध, दोन्ही हातांनी फळी धरून. पाणी हिरवं, तळ दिसत होता. नांगर टाकला. अकीलाबाईने श्रेयाला विचारलं, "आती है?" श्रेयाने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलणार होतो — थंडी आहे, निधी आहे, जेवल्यानंतर बघू. बोललो नाही. ती कठड्यावर बसली, ओढणी निधीच्या हातात दिली आणि गेली.

आवाजसुद्धा झाला नाही. पाणी पुन्हा होतं तसं झालं.

मी उभा राहिलो. बोट हलली. वाट बघितली. वर येईना. अकीलाबाई आरामात दोर गुंडाळत होती. मी ओरडलो, मॅडम, मॅडम, वो अंदर है. ती म्हणाली, "हाँ. अंदर है." निधी म्हणाली, "बाबा, सिट." मला बसवेना. मी मागच्या शिडीवर गेलो. एक पाय पाण्यात घातला, मग दुसरा. कमरेपर्यंत उतरलो, दोन्ही हातांनी शिडी आवळून, आणि तिचं नाव घेत होतो. मला पाण्याचं काही वाटत नव्हतं. खरंच नव्हतं. तेव्हा फक्त ती दिसत नव्हती एवढंच वाटत होतं.

मग लांब, भलतीकडेच डोकं वर आलं. तिने केस मागे टाकले आणि मोठ्याने हसली. इतकं मोठ्याने हसते ती, हे मला माहीत नव्हतं. निधी बघतच राहिली आईकडे. म्हणाली, "हू इज दॅट?" आणि हसली, पण गमतीने विचारलेलं नव्हतं.

पोहत शिडीपाशी आली. मला कमरेएवढ्या पाण्यात बघून तिचं हसणं थांबलं. "तुमी कित्याक उतरलास?" मी म्हटलं, तू वर येईनास. तिने माझे हात बघितले. बोटं पांढरी पडली होती. म्हणाली, "बरां. पुरे आता. जाऊया घराक."

तेव्हा जी भीती वाटली ती पाण्याची नव्हती. श्रेया लगेच निघाली होती. माझं तोंड बघून.

१५ डिसेंबर, रविवार

उद्या मजलिशीत विचारणार. श्रेया म्हणते, नाही म्हणून या, कोण काय करतंय. तिची ओढणी अजून बाल्कनीत वाळते आहे. दोन दिवस झाले, काढत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

नॅशनल डेची सुट्टी. सगळे जमले होते, बायकापोरांसकट. साहेबांनी विचारायच्या आधीच मी उभा राहिलो. सर, मला पोहता येत नाही, मी कधी मासे पकडलेले नाहीत... साहेब म्हणाले, "मालूम है, बैठो." अकीलाबाई म्हणाली, "सवाल तुमसे नहीं है." आणि श्रेयाकडे वळून तिला विचारलं.

श्रेयाने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर भीती आहे का, ते बघायला. होती. मी तोंड फिरवलं आणि पोऱ्याकडे कॉफी मागितली, कप भरेपर्यंत पाठ करून उभा राहिलो.

मागून तिचा आवाज आला. हो म्हणाली.

इथे मेंबरच्या घरच्यांना जेट्टीपर्यंत सोडतात. चौदा वर्षं ती माझ्या व्हिसावर डिपेंडंट आहे. शुक्रवारपासून मी तिचा. जेट्टीवर बसायला बाक आहे, तो बघून आलो.