अनुभवी माणसांचं ऐकलं तेव्हा

प्रिय ठमे,

तीन आठवडे झाले, तुझा फोन नाही. राष्ट्राध्यक्ष कोण व्हावं यावरून मायलेकींनी अबोला धरला, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. तू त्या डॉक्टरीणबाईंच्या प्रचारात राबतेस, आणि मी फटकन म्हणाले, "जिने साधी नगरपालिका चालवली नाही, ती देश काय चालवणार?" तू म्हणालीस, "आई, तुझं नेहमीचंच," आणि फोन ठेवलास. ते 'नेहमीचंच' अजून माझ्या कानात बसलंय.

पुलाच्या खोलीतून लिहितेय. धुकं इतकं आहे की नदी दिसत नाही, नुसती ऐकू येते. जहाज भोंगा देतं, मी दांडा ओढते, पूल मधोमध उघडतो आणि धुक्यातून एकटी डोलकाठी सरकत जाते. खाली जहाज असेलच, असं आपण समजायचं. तुझ्या बाबांच्या जागी मला इथे घेतलं तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पूल वर केला आणि खाली कसा आणायचा तेच विसरले. दोन्ही काठांवर गाड्यांची रांग. एक भाजीवाला ओरडला, "बाई, झोपलात की काय?" त्या रांगेत प्रसूतीला निघालेली एक बाई अडकली होती. सुखरूप सुटली बिचारी. पण आपल्या शिकण्याची झळ दुसऱ्याला बसते, हे तेव्हा कळलं. म्हणून मला तुझ्या डॉक्टरीणबाईंची धास्ती वाटते.

मात्र मला शिकवणारे मुकादम, तीस वर्षं याच खुर्चीत काढलेले, खिडकीबाहेर बघायचेच नाहीत. घड्याळ बघून पूल उघडायचे. एकदा मी म्हटलं, "मुकादम, नदी रिकामी आहे." तर म्हणाले, "येईल की जहाज, जातंय कुठे!" तुमच्या विरोधातले ते माजी मंत्री टीव्हीवर बोलायला लागले की मला मुकादमच दिसतात. हेही तुला फोनवर सांगायला हवं होतं. वाचनालयातून आणून इतक्या पुढाऱ्यांची चरित्रं वाचली, पण अनुभवी माणूस बरा की नवा, याचा निकाल एकातही सापडला नाही.

मग मी एवढी का भांडले? बाबांचे शेवटचे दिवस. तू अकरा वर्षांची, पाठीला दप्तर, दारात उभी राहून म्हणत होतीस, मला दवाखान्यात ने. तुझ्या आजीने घरातली किती मरणं पाहिली होती. ती म्हणाली, "लेकराला नको नेऊस, जन्मभर तेच डोळ्यांपुढे राहील." मला कुठे कशाचा अनुभव होता? मी ऐकलं. तुला शाळेत धाडलं. बाबा त्याच दुपारी गेले. शेवटपर्यंत दाराकडे बघत होते, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

एकोणीस वर्षं मी जाणत्यांची बाजू घेत आले. ते चुकतात असं म्हटलं, की त्या दिवशी मी चुकले म्हणावं लागतं. चुकले गं, ठमे. आजीला बोल नाही. ठरवायचं मी होतं. रविवारी मत कुणाला द्यायचं ते अजून ठरलं नाही, आणि हे पत्र त्यासाठी नाहीच. त्या दिवशी दवाखान्यात येऊन तुला बाबांना काय सांगायचं होतं, ते मी तुला कधी विचारलंच नाही. आज विचारतेय.

तुझीच, हट्टी
आई