लग्नाला यायचं हं!

१ मार्च १९९९, सोमवार

आले एकदाची नगरला! सकाळच्या एसटीने श्रीगोंदा सोडलं तेव्हा आई रडत होती आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, खिडकीतून तिसऱ्यांदा चकल्यांचा डबा आत देत होते. जणू काही मी काश्मीरला निघाले होते. सावेडीत चांगुणामावशींकडे मागची खोली मिळाली आहे. मावशी अप्पांच्या ओळखीच्या, तीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या, आता एकट्याच असतात. पुढच्या खोलीत क्रोशाच्या रुमालाखाली फोन आहे. त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, दिवा जाळत ठेवायचा नाही आणि सकाळी जयभीम म्हटल्याशिवाय चहा नाही, असे तीन नियम सांगून झाले. मला बाई आवडल्या.

नोकरीचं ठिकाण चालत दहा मिनिटांवर. कल्याण सरांच्या दुकानात चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि इंटरनेट! फोनची लाइन एकच, त्यामुळे इंटरनेट लागलं की फोन बंद. मुख्य काम लग्नपत्रिकांचं. पुण्यात चार वर्षं कॉम्प्युटर शिकून मी शेवटी 'चि. सौ. कां.' टाइप करायला आले, पण सरांची एक कल्पना झकास आहे. छापलेली प्रत्येक पत्रिका ते फुकटात इंटरनेटवर चढवतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांना दिसावी म्हणून! आमच्या गिऱ्हाइकांपैकी कुणाचा नातेवाईक अमेरिकेत आहे हे विचारू नये.

१९ मार्च, शुक्रवार

आज स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेते. दुसरं कोण थोपटणार?

झालं असं की भिमाजी गुरुजी म्हणून एक निवृत्त शिक्षक आले होते. चाळीस वर्षांपूर्वीचा एक विद्यार्थी त्यांना शोधायचा होता. सर म्हणाले, तुझं शिक्षण काय कामाचं, शोध की! मी मनावर घेतलं आणि दहा दिवस खपून एक प्रोग्राम लिहिला. त्याला नाव सांगायचं. मग तो आपला आपण इंटरनेटवर जातो, मोठ्या शहरांच्या टेलिफोन याद्या बघतो, कॉलेजांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या याद्या बघतो, आमच्या सगळ्या पत्रिका वाचतो आणि जुळेल तो पत्ता नि फोन कागदावर छापून देतो. नगर जिल्ह्याची फोनची यादी मी हाताने भरली. रोज बारा वाजता सर जेवायला जातात, फोन मोकळा असतो, तेव्हा तो कामाला लागतो. मी त्याचं नाव 'पोस्टमन' ठेवलंय.

खरी गंमत बायकांची. लग्नानंतर बाईचं बापाचं नाव जातं, आडनाव जातं, कुठे कुठे पहिलं नावसुद्धा बदलतात. तिला शोधायचं कसं? म्हणून मी पोस्टमनला पत्रिका नीट वाचायला शिकवलं. मामा कोण, काका कोण, आणि अगदी तळाशी पोरासोरांची ओळ असते ती: 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' मोठी माणसं नाव लपवतील, बदलतील. पोरांची नावं मात्र हौसेने छापतातच.

गुरुजींचा विद्यार्थी नाशिकला सापडला. गुरुजी फोनवर बोलताना रडले. मलाही भरून आलं.

६ एप्रिल, मंगळवार

आज एक घर जोडलं.

सूर्यभान नावाचे गृहस्थ आले. पांढरा शर्ट, हळू बोलणं, पाथर्डीकडचे. बहीण सविता तीन वर्षांपूर्वी भांडून निघून गेली, आई अंथरुणाला खिळलीय, तिला लेकीला एकदा बघायचंय म्हणाले. सविताच्या नावाने काहीच मिळेना. मी विचारलं, तिला मूलबाळ? एक मुलगी आहे म्हणाले, सात वर्षांची. झेलम एक्सप्रेसमध्ये जन्मली म्हणून नाव झेलम.

झेलम! असं नाव जिल्ह्यात दुसरं कुठे असणार? पोस्टमनने दोन मिनिटांत पत्रिका काढली. पुणतांब्याच्या कानिफनाथ नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाचं लग्न. सविताचं नाव कुठेही नाही, पण तळाच्या ओळीत पिंकी, सोनू, बाळ्या आणि शेवटी झेलम. खाली फोन, पी.पी. झुंबरबाई. म्हणजे फोन शेजारच्या झुंबरबाईंचा, निरोप यांचा.

ही पत्रिका मीच टाइप केली होती. सूर्यभान कागदाची घडी करून खिशात ठेवताना हात जोडून म्हणाले, "ताई, तुम्ही माझं घर परत दिलंत." दिवसभर मी हवेत होते.

७ एप्रिल, बुधवार

मला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे. मायलेकींची भेट झाली का, म्हणून सकाळी दुकानातून पुणतांब्याला फोन केला.

झुंबरबाई आधी म्हणाल्या, अशी कोणी इथे नाही. मी भावाचं, सूर्यभानचं, नाव घेतलं. मग अगदी हळू बोलल्या. "बाई, सविताला भाऊ न्हाई. येकबी न्हाई. सूर्यभान तिचा नवरा हाय."

त्याने तिचा उजवा हात चुलीत धरला होता. पुढच्या वेळी पोरीचा धरीन म्हणाला, म्हणून ती पोरीला घेऊन मामाकडे पळून आली. कानिफनाथ तिचा लांबच्या नात्यातला मामा, सूर्यभानला ठाऊक नसलेला. त्याने जपून तिचं नाव पत्रिकेत घातलं नाही. पण पोरगी रुसून बसेल म्हणून नवरदेवाने तिचं नाव घातलं.

आणि झुंबरबाई म्हणाल्या, मघाशी एका माणसाचा फोन आला होता. झेलम आहे का एवढंच विचारलं आणि ठेवून दिला. वाडीतल्या लोकांना फोनवर बोलवायला पळत जायचं काम झेलमचंच, त्यामुळे फोन वाजला की तीच धावते. तिनेच उचलला होता.

मी ओरडून सांगितलं, त्यांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. चांगुणामावशींचा नंबर दिला, काही लागलं तर म्हणून. दोनदा चुकीचा सांगितला.

शहाणी म्हणवते मी स्वतःला.

१२ एप्रिल, सोमवार

त्या दोघी इथे आहेत. माझ्या खोलीत.

झुंबरबाईंच्या पोराने त्या दुपारीच त्यांना टेम्पोत बसवून नगरला आणून सोडलं. जायला दुसरी जागाच नव्हती. मी मावशींना सगळं खरं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी सविताचा हात उलटसुलट करून बघितला, नर्स बघते तसा, आणि म्हणाल्या, "ऱ्हा हितंच. माझ्या दारात कोन येतंय बघते."

मावशींच्या ओळखीच्या वकीलबाई आहेत. पोरीचा ताबा आईकडे देण्याच्या अर्जाची अकरा मेला कोर्टात सुनावणी आहे. तोवर त्याच्या हाती लागू नका, पोरगी एकदा त्याने नेली की आणणं कठीण, असं त्यांनी बजावलंय. अकरा मेपर्यंत. एवढंच.

आज सूर्यभान दुकानात आला. चिडलेला नव्हता. तो टेम्पो गेल्यावर दोन तासांनी पुणतांब्याला पोचला होता. म्हणाला, "ताई, कुणीतरी आधीच कळवलं होतं." मग माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा शोधा म्हणाला. मी मशीन बिघडलंय म्हटलं. तो हसला आणि उद्या येतो म्हणाला.

२१ एप्रिल, बुधवार

रोज येतो. बाराला पाच कमी असताना. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसतो, एका बोटाने एकच शब्द टाइप करतो. झेलम. कागद कोरा आला की घडी करून खिशात ठेवतो. कोरा कागदसुद्धा.

कल्याण सरांना सांगितलं. सर म्हणाले, नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडायचं, गिऱ्हाईक आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला! मग मी माझ्या मार्गाने गेले. पोस्टमनमध्ये एक ओळ घातली: हे नाव दिसलं तर वगळ. आता त्याने जन्मभर टाइप केलं तरी काही मिळणार नाही.

झेलम मला माउताई म्हणते. दिवसभर आत राहून कंटाळते. फोन वाजला की अजून उठून धावते, मावशींना तिला कमरेला धरून थांबवावं लागतं.

३० एप्रिल, शुक्रवार

बुद्धपौर्णिमा. माझा भाऊ महेंद्र श्रीगोंद्याहून आला, आईने दिलेली खीर घेऊन. सोळा मेला त्याचं लग्न आहे. झेलम त्याच्या खांद्यावरून उतरेना. मामा, मामा, मामा! तुझ्या लग्नात मी नाचणार म्हणाली. सविता पहिल्यांदा हसली.

महेंद्रची पत्रिका मी स्वतः टाइप केली. माझा पत्ता नाही, मावशींचं नाव नाही. दहा वेळा वाचली.

५ मे, बुधवार

दोन दिवस सूर्यभान आला नाही. कंटाळला असेल.
सहा दिवस राहिले.

७ मे, शुक्रवार

आज पुन्हा आला. सरांशी हळू आवाजात बोलत होता. मी जवळ गेले तर सरांनी विषय बदलला.


८ मे, शनिवार. दुपारी पाऊण.

लिहिते आहे, कारण माझा चेहरा सविताला दिसायला नको. ती कपडे भरते आहे. मावशी रिक्षा आणायला चौकात गेल्यात. दार लावून घे म्हणाल्या.

साडेबाराला सर जेवून परतताना महेंद्रच्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. वरची उघडली. तळाला: 'आमच्या महेंद्रमामाच्या लग्नाला यायचं हं! — सम्राट, छकुली, झेलम.'

अप्पांनी काल सरांना फोन केला होता. म्हणाले, महेंद्रला मामा म्हणणाऱ्या त्या लेकराचं नाव राहिलं, तिला वाईट वाटेल. आणि नगरच्या पाहुण्यांसाठी एक फोन पण घाला. मावशींचा.

अप्पा. माझे अप्पा. किती प्रेमाने —

सरांनी रात्रीच इंटरनेटवर चढवली. आणि पोस्टमन नाव गाळतोय अशी गिऱ्हाइकाने तक्रार केली म्हणून कालच जुना प्रोग्राम परत टाकला. हसत सांगत होते.

कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. पडद्यावर तसंच होतं.

झेलम. सापडले: १.

खाली फोन. फोनखाली नगरच्या यादीतून उचललेला पत्ता. ती यादी मीच हाताने भरली होती. चांगुणाबाई, सावेडी. घर नंबरसुद्धा.

छापलेला कागद प्रिंटरमध्ये नव्हता. घेऊन गेला. आज कोरा नव्हता.

पळत आले. तो रस्त्यात दिसला नाही. कदाचित तो अजून —

नाही. तो आधी फोन करतो. पुणतांब्यालाही आधी फोनच केला होता. पोरगी आहे की नाही याची खात्री करतो आणि मग येतो. तेव्हा तिकडे पोचायला त्याला अर्धा दिवस लागला. इथे चालत दहा मिनिटं.

म्हणजे फोन वाजलाच नाही तर — वाजला तरी कुणी उचलला नाही तर —

तार काढून टाकते. हो. आधी ती तार. माझ्या डोक्यात आधीच कसं —

झेलम कुठे आहे? आत्ता इथे पाटीवर चित्र काढत —

वाजतोय.

सविता, धर तिला, धर — पावलं — ती पुढच्या खोलीत — उचलला —

ती म्हणतेय, "हॅलो, मी झेलम बोल