सतरा नंबरचं पोर्ट

सोमवार
आले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी, आणि खोलीची किल्ली माझ्या एकटीच्या हातात. ताईने फोनवर आधी जेवलीस का विचारलं, मग पगार विचारला. आई गेल्यापासून मला 'काय गं' म्हणणारं हे एकच माणूस उरलंय, म्हणून रोज संध्याकाळी तिचा फोन ठरलेला. ऑफिस मोठं, माणसं मोजकी. हिशेब सांभाळणाऱ्या काकूंनी त्यांच्या डब्यातलं खाऊ घातलं आणि हात धुवायच्या आत लग्नाचा विषय काढला. माझ्या खुर्चीवर, याच कामावर, आधी अण्णा म्हणून गृहस्थ होते. एके दिवशी ते टेबलापाशीच कोसळले ते उठलेच नाहीत, हेही काकूंनी जेवतानाच सांगितलं.

मंगळवार
जिन्याखालच्या खोलीतला नेटवर्कचा जुना स्विच काढून नवा बसवायचाय. सगळ्या मजल्यांवरच्या कॉम्प्युटरच्या तारा या एका पेटीत येतात. कुठल्या पोर्टवर, म्हणजे तार खोचायच्या खाचेवर, कोण बसतं, कुणाच्या कार्डाने कुठलं दार उघडतं, हे सगळं तिच्या आतल्या फाइलमध्ये असतं. ती फाइल जुन्यातून काढून नव्यात टाकायची, की झालं. सतरा नंबरचं पोर्ट माझं. तिथे मी माझं नाव टाकलं आणि उगाचच बरं वाटलं. या गावात माझं नाव लिहिलेली ती एकच जागा आहे.

बुधवार
माती खाल्ली. फाइल पाठवताना आधी 'कुठून' लिहायचं, मग 'कुठे'. मी उलटं लिहिलं. नव्या स्विचची कोरी फाइल जुन्यावर जाऊन बसली आणि अख्खं ऑफिस ठप्प. साहेब तोंडाला येईल ते बोलले. शेवटी अण्णांच्या काळातली एक जुनी प्रत सापडली. ती नव्या स्विचमध्ये टाकली, दिवे लुकलुकायला लागले आणि जीव भांड्यात पडला. सतरा नंबरवर अर्थातच अण्णांचं नाव आलं. उद्या बदलेन.

गुरुवार
दाराला माझं कार्ड चालेना. फाइलमध्ये मी नाही म्हटल्यावर चालणार कसं! काकूंच्या मागोमाग आत शिरले. त्यांनी वळून पाहिलं नाही. डबा उघडला, मला विचारलं नाही. कालचा राग असेल म्हणून मीही माझा डबा घेऊन टेबलापाशी गेले. दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि हसत म्हणाल्या, की अण्णा, प्रिंटर पुन्हा अडकलाय, जरा बघता का. खुर्चीत मी बसले होते.
चेष्टेलाही काही मर्यादा असते. तडक खाली जाऊन सतरा नंबरवर माझं नाव टाकलं. निघताना पाहिलं तर पुन्हा अण्णांचं.
ताईचा फोन आला नाही.

शुक्रवार
नाव टाकलं. गेलं. परत टाकलं. परत गेलं. माझा लॅपटॉप पिशवीत, तारेला काहीच जोडलेलं नाही, तरी सतराचा दिवा चालूच. आणि खुर्ची — बसायला गेले तर ऊबदार. साहेब त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होते. प्रिंटर दुरुस्त केल्याबद्दल आभार मानत होते. मी ओरडले. कुणी दचकलंसुद्धा नाही.
ताईला मीच फोन लावला. आपण कोण बोलताय, असं तिने विचारलं. मला. अहो-जाहो. मी म्हटलं, ताई, मी गं. तर तिने अगदी मऊ आवाजात सांगितलं, की नंबर चुकला असेल, तिला बहीण नाही. ती आईची एकुलती एक —
आधी रडू आलं. भीती नंतर वाटली.

शनिवार
सुट्टी. ऑफिसात कुणी नाही. वॉचमनच्या समोरून आत आले, त्याने मान वर केली नाही. स्विचच्या खोलीत बसलेय.
वर खुर्ची सरकली.
मी नाव बदलते आणि अण्णा परत स्वतःचं लिहितात. म्हणून सतराची तार उपटून हातात धरलीय. दिवा विझलाय. आता फक्त एक ओळ. ती लिहायची, सेव्ह करायची, की ताई मला —
पावलं. जिन्यावर.
बटणं सापडत नाहीत. आधी इथे वहीत लिहिते, मग तिकडे. काय वेडेपणा, एवढं सोपं — सतरा नंबरवर बसते ती मी. ताईची धाकटी बहीण. माझं नाव